सामायिक विहीर आणि पाटाची वाट

अकलूज-माळशिरसच्या बाजूस ज्यांची थोडीबहुत शेती आहे, त्यांस सामायिक विहीर म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. चौघां भावांची जमीन वांटली जाते, बांध पडतात. विहीर मात्र वांटतां येत नाहीं. ती उताऱ्यावर सामायिक म्हणूनच राहते आणि प्रत्येकाचा हिस्सा व पाण्याची पाळी ठरते. येथवर सहसा तंटा होत नाहीं. तंटा होतो तो पाटाचा. विहीर एका कोपऱ्यांत, शेत दुसऱ्या कोपऱ्यांत, आणि मधून पाणी न्यावयाचें तें कोणाच्या तरी रानांतून! ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे कीं, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत दुसऱ्याच्या जमिनींतून पाट नेण्याविषयीं ४९ वें कलम स्वतंत्रपणें घालावें लागलें. आणि त्यांतला मुख्य कटाक्ष असा कीं, ज्याच्या जमिनींतून पाट जावयाचा त्याचें शक्य तितकें कमी नुकसान व्हावें.

संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत एखादा मुलगा, मुलगी किंवा सून प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यांत असते, आणि घरच्या उपयोगाचें कांहीं लहानसें काम तिनें करून तें चार नातलगांकडे पाठविलें म्हणजे कोठें तरी तें बिनसतें. करणाराच्या यंत्रावर तें उत्तम चालत असतें. म्हणून दोष पाठविलेल्याच्या अज्ञानाकडे जातो. हा न्याय नव्हे. दोष बहुधा पाटाचा असतो, आणि तो कसा, हें आज पाहावयाचें आहे.

कोणताही प्रोग्राम सगळीं कामें स्वतः करीत नाहीं. अक्षरें जुळवून दाखविणें, चित्र काढणें, मजकूर दाबून लहान करणें, गुप्त लिपींत घालणें हीं कामें हजारों प्रोग्रामांस सारखींच लागतात. म्हणून तीं एकदांच लिहून निराळ्या फाइलींत ठेवण्याची चाल पडली. अशा फाइलीस सामायिक लायब्ररी म्हणतात. विंडोजवर तिला डीएलएल हें नांव आहे. प्रोग्राम सुरू होतांना संगणक त्याच्याजवळची यादी वाचतो आणि त्या त्या लायब्ररीचा शोध घेतो. आतां ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या यादींत बहुधा लायब्ररीचें नुसतें नांव असतें, पत्ता नसतो. पत्ता शोधण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि त्या क्रमांत त्या नांवाची जी पहिली फाइल भेटेल तीच घेतली जाते. ती योग्य आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें काम शोधणारा फारसें करीत नाहीं. गांवांत ‘गोपाळराव’ म्हणून हांक मारावी आणि जो पहिला ओ देईल त्याच्या हातीं दागिन्यांचा डबा द्यावा, तशांतला हा प्रकार आहे.

आमच्या परिचयाच्या अकलूजच्या एका कुटुंबांत गेल्या कांहीं महिन्यांत जें घडलें, तें या विषयाचें चांगलें उदाहरण होईल. या घराण्याचे एक वयोवृद्ध गृहस्थ सोलापुरास राहतात. घरांत त्यांस तात्या म्हणतात. तात्यांनीं तीसएक वर्षें खपून, गांवोगांव पत्रें घालून, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या पाहून घराण्याची वंशावळ जमविली आहे. कुलवृत्तांत छापण्याची आपल्यांत जुनी हौस. पण हल्लीं छापलेल्या ग्रंथांत नवें नांव घालणें म्हणजे दुसरी आवृत्ति काढणें. म्हणून अकलूजच्या सूनबाईंनीं, ज्या घरीं बसूनच एका कचेरीचें संगणकाचें काम करतात, पायथन भाषेंत एक प्रोग्राम तयार केला. नांवें भरावीं, आणि वंशवृक्षाचा तक्ता चित्ररूपानें निघावा. अकलूजास तक्ता सुबक निघाला. मग तो प्रोग्राम सोलापूर, इंदूर, पुणें आणि सातासमुद्रांपलीकडे राहणाऱ्या नातलगांकडे रवाना झाला.

सोलापुरास तो उघडला, नांवें भरलीं गेलीं, तक्ताही निघाला. पण त्यांतल्या विष्णुपंतांच्या ‘वि’ची वेलांटी व-च्या पुढें जाऊन बसली होती, त्र्यंबकरावांच्या नांवांतलीं जोडाक्षरें सुटून हलन्त चिन्हांसकट रांगेनें उभीं होतीं. तात्यांस वाटलें, आपल्याच भरण्यांत चूक झाली. त्यांनीं आठ दिवस बसून सगळीं नांवें पुन्हां भरलीं. दृष्टि अधू, बोटें थरथरणारीं. तरी कोणास कांहीं बोलले नाहींत. शेवटीं त्यांनीं अकलूजास विचारलें, “सूनबाई, माझें कोठें चुकतें तें सांगशील का? पणजोबांच्या नांवाचे हातपाय वेगळे होताहेत.” सूनबाई म्हणाल्या, “तात्या, तुमचें कांहीं चुकलेलें नाहीं. तुमच्या संगणकांत एक फाइल नाहीं, आणि माझा प्रोग्राम तें कबूल करीत नाहीं.”

ही फाइल कोणती, तें पाहण्यासारखें आहे. देवनागरीचें एकेक अक्षर संगणकांत उच्चाराच्या क्रमानें सांठविलेलें असतें: आधीं व, मग ऱ्हस्व इकार. तो इकार डोळ्यांस व-च्या आधीं दिसावा, क आणि ष यांचा क्ष व्हावा, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला र आडवा पडावा, हें सर्व एक निराळी लायब्ररी घडवून आणते. लिनक्सवर, फायरफॉक्स व क्रोम या ब्राउझरांत आणि लिबरऑफिसांत हें काम हार्फबझ नांवाची लायब्ररी करते. सूनबाईंनीं चित्र काढण्यासाठीं पिलो हें पायथनचें प्रसिद्ध साधन वापरलें होतें. पिलो अक्षरजुळणीसाठीं रॅक्म या लायब्ररीस बोलावतें. रॅक्मला हार्फबझ लागते, आणि शिवाय फ्रिबिडी म्हणून तिसरी एक लागते. ही फ्रिबिडी मूळची अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठीं आहे. आपली नागरी डावीकडूनच जाते, तिला हिचें प्रत्यक्ष काय काम? पण रॅक्म तिच्यावांचून पाऊल टाकीत नाहीं. २०२१ मधील ८.२ या आवृत्तीपासून पिलोबरोबर रॅक्म तयार मिळते, परंतु विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल ज्याची त्यानें शोधमार्गावर ठेवावी, असें पिलोच्या माहितीपत्रकांतच म्हटलेलें आहे. अकलूजच्या यंत्रावर ती दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रामाबरोबर केव्हांच येऊन पडली होती. सोलापुरास ती नव्हती. आणि ती नसली म्हणजे पिलो थांबत नाहीं, रडत नाहीं. तें गुपचूप साध्या पद्धतीनें अक्षरें मांडतें. इंग्रजीस त्यानें बाध येत नाहीं. नागरीचे हातपाय वेगळे होतात.

आमच्या मतें या प्रकरणांतला सर्वांत मोठा दोष हाच. जो प्रोग्राम ‘अमुक फाइल सांपडत नाहीं’ असें म्हणून बंद पडतो, तो निदान प्रामाणिक आहे. जो मुकाट्यानें वाईट काम करतो तो म्हाताऱ्या माणसास स्वतःच्या डोळ्यांविषयीं शंका घ्यावयास लावतो.

नागरी लिहिणारांस हा अनुभव नवा आहे असेंही नाहीं. विंडोजवर अक्षरजुळणीचें हेंच काम युनिस्क्राइब करीत असे, आणि ती यूएसपी-१० या नांवाच्या डीएलएलमध्यें राहत असे. विंडोज २००० बरोबर ती आली. विंडोज एक्सपी (२००१) मध्यें तर भाषांच्या सोयींत जाऊन एक खूण मुद्दाम करावी लागे, तेव्हां कोठें वेलांट्या जागेवर येत. ऑफिसबरोबर त्याच डीएलएलची अधिक नवी प्रत येई. मग जाणते लोक ती उचलून दुसऱ्या प्रोग्रामाच्या शेजारीं नेऊन ठेवीत. कारण विंडोज पहिल्यानें प्रोग्रामाच्या स्वतःच्या फोल्डरांत पाहतें आणि मग आपल्या मुख्य फोल्डरांत. ही युक्ति करणारांपैकीं कित्येकांस शोधमार्ग हा शब्दही ठाऊक नसेल. पण पाटाची वाट त्यांस कळली होती.

असो. तात्यांचें दुःख पाहून सूनबाईंनीं तांतडीनें दुसरी प्रत काढली. तींत लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या एका फोल्डरांत भरल्या, आणि प्रोग्राम बसवितांनाच त्या फोल्डराचें नांव संगणकाच्या सार्वजनिक शोधमार्गांत, म्हणजे ‘पाथ’ म्हणतात त्यांत, सर्वांच्या आधीं घातलें. सोलापुरास वेलांट्या जागेवर आल्या. तात्यांनीं आशीर्वाद दिला. दोन दिवसांनीं इंदूरहून चुलतदिरांचा फोन आला. ते हिशेबतपासनिसाचें काम करतात आणि विवरणपत्रें भरण्याच्या मुदतीचे ते दिवस होते. “वहिनी, रागावूं नका, पण तुमचा वंशवृक्ष आल्यापासून माझा हिशेबाचा प्रोग्राम उघडत नाहीं. बाहेर पक्षकार बसले आहेत.”

झालें होतें तें असें. तो हिशेबाचा प्रोग्राम मजकूर दाबून लहान करणारी एक लायब्ररी स्वतःजवळ न ठेवतां सार्वजनिक मार्गावर शोधीत असे. त्याच नांवाची, पण निराळ्या आवृत्तीची फाइल वंशवृक्षाच्या फोल्डरांत होती. आणि तें फोल्डर आतां रांगेंत पहिलें होतें. गोपाळरावांस हांक मारली, दुसऱ्याच गोपाळरावांनीं ओ दिली. सूनबाईंच्या शेतास पाणी मिळावें म्हणून सगळ्या शिवाराचा पाट वळविला गेला होता. हिशेबाच्या प्रोग्रामानेंही आपली वस्तु आपल्याजवळ ठेवावयास हवी होती, हें खरें. पण पाट वळविणारानें हें म्हणणें शोभत नाहीं.

अशा घोटाळ्यांस जुन्या काळीं ‘डीएलएलचा नरक’ असेंच नांव पडलें होतें. १९९० नंतरच्या दशकांत नवा प्रोग्राम बसला कीं तो आपल्याजवळची डीएलएल विंडोजच्या मुख्य फोल्डरांत नेऊन टाकी, आणि तेथें तिची अधिक नवी प्रत असली तरी बेलाशक तीवर जुनी चढवी. परिणामीं तिसराच प्रोग्राम मरे. विंडोज २००० नें मुख्य फाइलींवर पहारा बसविला. बदललेली फाइल तें पुन्हां मूळपदावर आणी. विंडोज एक्सपीमध्यें एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारींशेजारीं नांदविण्याची सोय झाली. तथापि पहारा मुख्य वाड्यावर आहे. ‘पाथ’च्या गल्लींत जो ज्याच्या मर्जीप्रमाणें ओटा बांधतो.

या शोधक्रमांत दुसरेंही एक विघ्न दडलेलें होतें. आपण त्या क्षणीं ज्या फोल्डरांत काम करीत आहों तेंही शोधलें जातें. पूर्वीं तें प्रोग्रामाच्या फोल्डरानंतर लगेच, म्हणजे फार आधीं शोधलें जाई. २००४ पासून विंडोजनें तें मागें ढकललें. तरीसुद्धां २०१० च्या ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टला जाहीर सूचना काढावी लागली कीं, एखाद्या कागदपत्राच्या शेजारीं कोणी दुष्टानें योग्य नांवाची खोटी डीएलएल ठेवली तर कागद उघडतांच तीही उचलली जाण्याचा संभव आहे. तेव्हां वाट मोकळी सोडणें म्हणजे नुसता गलथानपणा नव्हे, दार उघडें टाकणें आहे.

तिसऱ्या खेपेस सूनबाईंनीं विचारपूर्वक काम केलें. सार्वजनिक मार्गाला हात लावला नाहीं. उलट पूर्वीं घातलेलें नांव काढून टाकणारी व्यवस्था केली. लागणाऱ्या सर्व लायब्ऱ्या प्रोग्रामाच्या शेजारींच ठेवल्या आणि प्रोग्रामास सांगितलें, ‘तूं जेथें असशील तेथेंच पाहा.’ पायथनचे प्रोग्राम बांधून देण्यासाठीं पायइन्स्टॉलर नांवाचें साधन आहे. तें प्रोग्रामाची यादी वाचून लायब्ऱ्या गोळा करतें. मग पहिल्याच वेळीं त्यानें फ्रिबिडी कां घेतली नाहीं? कारण ती यादींत नव्हतीच. रॅक्म तिला काम चालूं असतांना, ऐन वेळीं, नांवानें हांक मारून बोलावते. पाहुण्यांच्या यादीवरून पानें मांडलीं आणि गुरुजींचें पान राहिलें, तसें झालें. अशीं ऐन वेळीं बोलावलीं जाणारीं मंडळी हातानेंच यादींत घालावीं लागतात. क्यूटी या साधनानें खिडक्या काढणाऱ्या प्रोग्रामांस याच कारणानें अपघात होतो: ‘प्लॅटफॉर्म्स’ हें पोटफोल्डर बरोबर घेतलें नाहीं तर प्रोग्राम उघडण्याआधींच मान टाकतो.

पुण्यास शिकणाऱ्या भाचीच्या संगणकावर लिनक्स होतें. तेथें लायब्ऱ्या मुख्यतः ठरलेल्या सामायिक कोठारांत राहतात आणि त्यांची सूची तयार असते. शिवाय ‘एलडी लायब्ररी पाथ’ या नांवाची एक सूचना देऊन तो शोध आधीं दुसरीकडे वळवितां येतो. इंटरनेटवर पदोपदीं हाच उपाय सांगितलेला आढळतो, आणि घाईंतला माणूस तो सुरुवातीच्या फाइलींत कायमचा लिहून ठेवतो. मग त्या सत्रांत उघडलेला प्रत्येक प्रोग्राम त्या वळणानें जाऊं लागतो. इंदूरची कथा पुन्हां पुण्यास! तपासणीपुरती ही सूचना ठीक. दुसऱ्याच्या घरीं पाठविण्याच्या वस्तूंत तिला स्थान नाहीं. तिच्या ऐवजीं प्रोग्रामाच्या पोटांतच शोधमार्ग कोरून ठेवतां येतो, आणि त्यांत ‘ओरिजिन’ या खुणेनें ‘मी जेथें आहें तेथून’ असें म्हणतां येतें. अकलूजच्या यंत्रावरील फोल्डराचा संपूर्ण पत्ता कोरून पाठविणें निरर्थक. तो पत्ता पुण्याच्या यंत्रावर नसतोच. नव्या पद्धतीनें कोरलेला मार्ग त्या प्रोग्रामाच्या प्रत्यक्ष यादीपुरताच चालतो, त्याच्या लायब्ऱ्यांना पुढें लागणाऱ्या लायब्ऱ्यांस तो लागू होत नाहीं; म्हणून प्रत्येक लायब्ररीच्या पोटांतही तीच खूण घालावी. मॅकवर याच कामासाठीं ‘आरपाथ’ची खूण २००७ पासून मिळते, आणि परदेशच्या नातलगांसाठीं तिचाच उपयोग झाला.

तर मग सगळ्याच लायब्ऱ्या ज्यानें त्यानें आपल्याबरोबर न्याव्यात काय? येथें मात्र आम्ही थांबूं. प्रत्येकानें आपापल्या बांधांत विहीर खणली तर काय होतें, हें सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास उन्हाळ्यांत विचारावें. सामायिक वस्तूचा मोठा गुण हा कीं, ती एके ठिकाणीं दुरुस्त केली म्हणजे सर्वांची दुरुस्त होते. ज्यानें आपली प्रत वेगळी नेली त्याच्याकडे तो गाळ तसाच राहतो. २००४ च्या सप्टेंबरांत विंडोजची चित्रें दाखविणारी जीडीआय-प्लस ही डीएलएल सदोष ठरली. विशेष रीतीनें बनविलेलें एक चित्र उघडलें तर संगणक परक्याच्या ताब्यांत जाऊं शके. मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती दिली, पण तीच डीएलएल इतर अनेक प्रोग्रामांनीं आपापल्या फोल्डरांत नेऊन ठेवलेली होती. त्या प्रती कोठें कोठें आहेत हें शोधण्यासाठीं एक निराळें साधन काढावें लागलें. २०२३ च्या सप्टेंबरांत वेबपी प्रकारचीं चित्रें उलगडणाऱ्या लायब्ररींत तसाच दोष निघाला, आणि जिनें तिनें आपल्या पोटांत घेतलेली ती प्रत काढून नवी घालण्यासाठीं ब्राउझरांसकट कितीतरी प्रोग्रामांस नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. ज्यांच्या करत्यांनीं काम सोडून दिलें आहे ते प्रोग्राम तसेच राहिले.

म्हणून आमचें मत असें. संगणकाच्या पायाशीं निगडित असलेल्या लायब्ऱ्या, म्हणजे लिनक्सवरील जीलिबसी किंवा पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या यंत्रभागाच्या लायब्ऱ्या, बरोबर नेऊं नयेत. त्या त्या यंत्राच्याच वापराव्या. जीलिबसीच्या बाबतींत तर जुन्या यंत्रावर बांधलेला प्रोग्राम नव्यावर बहुधा चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर पुष्कळदां अडतो. यास्तव बांधणी शक्य तितक्या जुन्या प्रणालीवर करावी. वंशवृक्षासारख्या विशेष कामाच्या लायब्ऱ्या मात्र शेजारीं न्याव्यात, मोजक्या न्याव्यात, आणि त्यांची नांवनिशी आवृत्तीसकट लिहून ठेवावी. जो नेतो त्यानें त्यांच्या दुरुस्तीची पाळीही पत्करली, असें समजावें. कित्येक लायब्ऱ्यांच्या परवान्यांतच अशी अट असते कीं, वापरणारास ती लायब्ररी बदलून दुसरी घालतां आली पाहिजे. ती स्वतंत्र फाइल म्हणून शेजारीं ठेविली तर ही अट पाळणें सोपें जातें.

पाठविण्यापूर्वींची परीक्षा आपल्या यंत्रावर घेण्यांत अर्थ नाहीं. जेथें पायथन नाहीं, कोणतीं हत्यारें नाहींत, अशा कोऱ्या यंत्रावर ती घ्यावी. तसें यंत्र घरीं नसेल तर संगणकांतच आभासी संगणक उभा करतां येतो. ३२-बिटी प्रोग्रामास ६४-बिटी लायब्ररी चालत नाहीं, नांव तेंच असलें तरी. तेंही तेथेंच उघडकीस येतें. आणि प्रोग्राम मराठी असेल तर त्यानें सुरू होतांच पिलोस ‘रॅक्म आहे काय, फ्रिबिडी आहे काय’ असें विचारावें. तशी विचारण्याची सोय पिलोमध्यें आहे. उत्तर नाहीं आलें तर तक्ता काढूं नये. स्वच्छ मराठींत ‘अक्षरजुळणीची लायब्ररी सांपडली नाहीं, तुमच्या भरण्यांत चूक नाहीं’ असें सांगून थांबावें. सूनबाईंनीं आतां तें वाक्य घातलें आहे, आणि परीक्षेसाठीं एक ओळही ठरविली आहे: विष्णु, त्र्यंबक, श्रीकृष्ण, विठ्ठल, कऱ्हाडचे दुसऱ्या शाखेचे. ‘कऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ यांतला आडवा र मराठीचा खास. हिंदीच्या नमुन्यांवर तपासणी करणारांच्या नजरेंतून तो हटकून सुटतो. हे शब्द तात्यांनींच सुचविले. ‘ळ’चेंही एक नांव पाहिजे म्हणून ‘बाळकृष्ण’ त्यांनीं मागाहून कळविलें, तें पुढल्या प्रतींत येईल.